दहावं बोट

धुळ्यात सध्या ऊन असं तापलंय की दुपारी दोनच्या सुमाराला रस्त्यावर फक्त आंबेवाले आणि माझ्यासारखे नाइलाज असलेले लोक दिसतात. लॅबमधून घरी येताना मी एका हातगाडीपाशी थांबले, दोन आंबे हुंगले, नेहमीप्रमाणे घासाघीस केली. पिशवी भरता भरता आंबेवाला म्हणाला, "अखाजीले माहेर जाई ऱ्हायनात का, ताई?" मी हो म्हटलं. एवढं एक अक्षर तोंडातून निघायला जरा वेळ लागला, पण त्याचं लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे होतं.

अक्षय्यतृतीया, म्हणजे आमची अखाजी, म्हटली की बाकीच्या लोकांना सोन्याची दुकानं आठवतात. आम्हा खान्देशातल्या बायकांना झोका आठवतो. दिवाळीला एखाद्या वर्षी नाही जमलं तर कोणी फार मनावर घेत नाही, पण अखाजीला पोरगी माहेरी आली नाही तर गावात चार ठिकाणी चौकशी होते. कडुलिंबाच्या फांदीला जाड दोर बांधलेला, खाली पाट, आणि पन्नाशीच्या बायाही पोरींसारख्या उभ्यानं झोका चढवताहेत, वर शेंड्याला पाय लागेल की काय असं वाटावं. पुरुष सावलीला पत्ते कुटतात आणि बायका त्यांना त्या दोन दिवसांपुरतं काही म्हणत नाहीत. घरात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. आमच्याकडे तिला मांडा म्हणतात. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं आणि माय दोन्ही हातांवर पुरणाचा गोळा झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवते, मग तो अलगद खापरावर टाकते. मी चाळीस वर्षांत हे शिकले नाही. माझा मांडा पहिल्या झोक्यालाच फाटतो आणि माय म्हणते, "जाऊ दे व, तू रक्तच तपास."

पण अखाजी नुसती लेकींची नसते. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांनाही बोलावलेलं असतं. वैशाखात त्यांना तहान लागत असणार म्हणून त्यांच्या नावानं मातीची नवी घागर भरायची, तिच्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवायच्या. त्याआधी सकाळी उंबरठा धुऊन, कुंकू पाण्यात कालवून, एकेकाचं नाव घ्यायचं आणि उंबरठ्यावर एकेक बोट ओढायचं. हे त्यांचं आमंत्रण. आमच्या घरी माझे वडील, आबा, नऊ बोटं ओढतात. आबांचे वडील, आजोबा, पणजोबा, दोन काका, आबांची आई, आजी, थोरले भाऊ, आणि सहा वर्षांची असताना तापानं गेलेली आबांची बहीण. तिचं बोट आबा शेवटी आणि जरासं लहान ओढतात. लहानपणी मला आणि दिनेशला ही बोटं ओढायची फार हौस वाटायची. दिनेश एकदा आबांना म्हणाला होता, "मनं बोट कधी?" आणि मायनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला होता की तो दिवसभर झोक्यावर उपडाच पडून राहिला.

दिनेश माझा धाकटा भाऊ. नरडाण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. ते काम सुटलं, तेव्हा म्हणाला, सुरतेला ओळखीचा एक जण आहे, आठ दिवस बघून येतो. आमच्याकडून सुरतेला जाणं म्हणजे काही परदेशी जाणं नव्हे. प्रत्येक गल्लीतलं कोणीतरी तिकडे असतंच. अमळनेरच्या स्टेशनवर त्याला सोडायला त्याचा दोस्त रफिक गेला होता. रफिकचं गाद्यांचं दुकान आहे, बापाचा पिंजाऱ्याचा धंदा त्यानं पुढे चालवला. गाडी हलली तेव्हा दिनेश दारात उभा राहून त्याला हात करत होता. दोंडाईच्याच्या पुढे त्यानं बायकोला फोन केला, म्हणाला, जागा मिळाली, आता झोपतो. त्यानंतर तो फोन कधी लागला नाही.

तो सुरतेला उतरला की नाही, हेही आम्हाला माहीत नाही. रफिक आणि माझे मिस्टर सुरतेजवळच्या उधन्यापर्यंत तीनदा जाऊन आले. फोटो घेऊन स्टेशनवर, दवाखान्यांत, खोल्या भाड्यानं देणाऱ्यांकडे हिंडले. पोलिसांत तक्रार आहे. तिची पोच अजून मायच्या पोथीत घडी करून ठेवलेली आहे. घरात भांडण नव्हतं, कुणाचं देणं नव्हतं, दारूचा वास नव्हता. भांडण झालं असतं तर एका परीनं बरं झालं असतं असं मला कधी कधी वाटतं, निदान कुणाला तरी बोल लावता आला असता. मी लॅबमध्ये काम करते. रोज पन्नास माणसं येतात, रक्त देतात आणि संध्याकाळी माझ्या हातून कागद घेऊन जातात. कागदावर वाईट लिहिलेलं असलं तरी माणूस तो घडी घालून खिशात ठेवतो आणि पुढच्या तयारीला लागतो, हे मी वर्षानुवर्षं पाहतेय. आमच्या घरात तो कागद आलाच नाही.

ज्या अखाजीची मला आज दुपारपासून आठवण येतेय ती दिनेश गेल्यानंतरची सातवी. त्या वर्षी धुळ्याच्या कोर्टात कारकून असलेल्या आमच्या एका चुलतभावानं उगीच शहाणपणा करून सांगितलं होतं की सात वर्षं ठावठिकाणा नसला की माणूस कायद्यानं गेला असं धरता येतं. मायनं त्याला पुढचा चहा दिला नाही. तो उठून गेल्यावर म्हणाली, "कायदाले काय, त्यानं थोडंच पोटमा वागाडेल शे!" आणि त्याच्या कपात उरलेला चहा तिनं मोरीत ओतला.

दिनेशची बायको कविता फैजपूरची. केळीच्या बागांतून आलेली, गोरी, बारीक, हसली की खालचा ओठ दाबणारी. लग्नाला दीड वर्ष झालं होतं तेव्हा तो गेला. मूलबाळ नाही. सात वर्षं ती आमच्या घरात राहत होती आणि सात वर्षांत एकदाही अखाजीला माहेरी गेली नव्हती. तिचा भाऊ दर वर्षी न्यायला यायचा. त्याही वर्षी तो आदल्या दिवशी मोटारसायकलवर आला, उन्हानं तोंड लाल झालेलं. ओसरीत बसून त्यानं गूळपाणी घेतलं आणि मायला म्हणाला, "आई, ताईला चार दिवस पाठवा ना. आमची आईसुद्धा वाट बघते."

माय सांजोऱ्या तळत होती. झारा न थांबवता म्हणाली, "अन तो उना तं? घर बंद दखीसन परत जाई तो."

"तुम्ही आहात ना घरात."

"मी माय शे. तो मनाकडे ई का बायकोकडे ई?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पंच्याच्या टोकानं मान पुसली. कविता आतून सांजोऱ्यांचा डबा भरून घेऊन आली, भावाच्या हातात दिला, म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." तो निघून गेल्यावर तिनं अंगणातली मोटारसायकलच्या तेलाचे डाग पडलेली जागा शेणानं सारवून घेतली. मी तिला म्हटलं, मी बोलू का मायशी? ती म्हणाली, "नका ताई, उद्या सण आहे." मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. मी बोलले असते तर काय बोलले असते? मायचं म्हणणं खोटं ठरवायला माझ्या हातात काहीच नव्हतं. खरं मानायलाही नव्हतं.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरी कविताला ओढत झोक्यावर घेऊन गेल्या. मायच म्हणाली, जाय, बस, सवाष्णीनं बसावं. कवितानं साडीचा पदर खोचला आणि उभ्यानं झोका घेतला. खाली बायका गाणी म्हणत होत्या, सासरच्या जाचाची आणि भावाच्या घोड्याची. झोका वर जाईल तसा तिचा चेहरा पानांत दिसेनासा होई आणि खाली आला की पुन्हा दिसे. हसत होती. बाया म्हणाल्या, कविता काय चढवते झोका! मीही टाळ्या पिटल्या. माय ओट्यावर बसून गल्लीच्या तोंडाकडे बघत होती. एस.टी.ची शेवटची गाडी यायची ती वेळ असते. सात वर्षं त्या वेळेला तिचं तोंड तिकडेच असायचं, मग मांडीवर निवडायला डाळ असो की नातीचं डोकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी आंघोळ करून धोतर नेसलं. गुडघे दुखतात म्हणून ते उंबरठ्याजवळ पाटावर बसले आणि कविता शेजारी ताट घेऊन उभी राहिली. मी अंगणातून बघत होते. आबा नाव घेत, बोट बुडवत, ओढत. मध्येच कोणाचं तरी नाव आठवेना तेव्हा कवितानंच हळूच सांगितलं. घरात उणीपुरी साडेआठ वर्षं झालेल्या सुनेला आमचे सगळे मेलेले पाठ झाले होते. मग आबा घागरीकडे गेले, मी आंबे धुवायला नळावर गेले.

थोड्या वेळानं मायचा आवाज आला. मांडे आटोपून ती आगारी टाकायला, म्हणजे निखाऱ्यावर तुपाचा नि पुरणाचा घास द्यायला गोवऱ्या आणायला निघाली होती. उंबरठा ओलांडायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"हाई दहावं कोनं?"

आम्ही सगळे जवळ आलो. नऊ बोटं एका ओळीत होती. आणि शेवटच्या लहान बोटाच्या बाजूला, जरा अंतर सोडून, एक दहावं. ओलं होतं अजून.

आबांनी उंबरठ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग मान वर केली, ताट घेऊन उभ्या असलेल्या कविताकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मी लावं."

"कोना नावनं?"

आबांनी धोतराला हात पुसले.

"कोना नावनं, सांगा ना!"

"तो जित्ता व्हई तं एक घागर पाणीनी त्याले काय इजा?" आबा हळू म्हणाले. "अन नसना तं... तहान्हा राही तो."

"नसना म्हंजे?" गोवऱ्यांसाठी घेतलेली टोपली मायच्या हातातून खाली पडली. "मना आंडोर जित्ता शे! जित्ता मानूसनी घागर कोन भरस? तुम्ही बाप शेतस का कोन शेतस?"

आणि ती खाली बसली आणि पदरानं ते बोट पुसायला लागली. कुंकू ओलं होतं. दहावं बोट पुसताना नववं फरपटलं, मग आठवं. ती पुसत राहिली. शेवटी त्या उंबरठ्यावर कोणाचंच बोट राहिलं नाही, सगळा लालभडक राडा झाला, आणि ती त्याच्यावर पाणी ओतून पुन्हा पुसत होती. आम्ही कोणीही तिला धरलं नाही. धरून काय सांगायचं होतं? मला तेव्हा आबांचाच राग आला होता. म्हटलं, "आबा, निदान सणाच्या दिवशी तरी नको होतं हे."

"हा बेटा," ते म्हणाले, "चुकनं मनं."

त्यांनी पुन्हा बोटं ओढली, नऊ. माय समोर उभी राहून मोजत होती.

त्यानंतर सण झाला. सण थांबत नाहीत, हेच त्यांचं वाईट असतं. आगारी टाकली गेली, पानं वाढली गेली, मांड्यांवर तूप पडलं. माझी मुलं रसाच्या वाट्या चाटत होती. दुपारी रफिक आला, दर वर्षी येतो तसा, आंब्यांची पेटी खांद्यावर घेऊन. तो मायला माय म्हणतो आणि माय त्याला दिनेशच्या पाटावर बसवते. सगळ्यांची पानं झाली की ती एक वाटी रस बाजूला काढून वर ताटली झाकून ठेवते. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही की ती वाटी रफिकनं प्यायची असते. त्या दिवशी तिनं संध्याकाळची वाट बघितली नाही. जेवण होताच वाटी त्याच्यापुढे सरकवली, म्हणाली, "पी रे. तू पिना म्हंजे तो पिना."

रफिक वाटीकडे बघत राहिला. सकाळचं त्याला काही माहीत नव्हतं. "माय, पोट भरनं," तो म्हणाला. मायनं वाटी तशीच त्याच्यापुढे धरली. मग त्यानं ती घेतली आणि मान खाली घालून एका दमात संपवली. मी पाहिलंय, लोक कडू औषधसुद्धा याहून सावकाश पितात.

पुढच्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी, मायनं कुंकवाची वाटी स्वतःच्या हातात ठेवली. आबा नाव घेतात, ती बोट ओढते, नऊ झाली की वाटी घेऊन उठते. आबा आता तिच्याशी त्या विषयावर बोलत नाहीत. कविता अजून तिथेच आहे. शिलाई मशीन घेऊन दिलंय, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते, दंडावर टेप गुंडाळून. माय परवा फोनवर म्हणाली, "कवितानी तुनाकरता ब्लाउज शिवी ठेयेल शे, लवकर ये." बाकी सगळं तसंच. मी दर वर्षी जाते, झोका घेते, पोटभर जेवते, नवऱ्याला फोन करून सांगते की मजा आली. खोटं नसतं तेही. त्या घरात अजूनही हसू येतं, माझ्या फाटलेल्या मांड्यांवर तर सगळे लोळून हसतात. कुठल्या घरात असं नसेल, असंही मी मनाला सांगून बघते. पण त्या सातव्या अखाजीच्या दुपारचं एक मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मायला तर नाहीच.

रफिकबरोबर पत्ते खेळायला आबांचे दोघे सोबती आले होते, म्हणून माय म्हणाली, अजून रस करा. मी आणि कविता स्वयंपाकघरात आंबे पिळायला बसलो. दार अर्धं लोटलेलं, बाहेर ओसरीत माय, तीन पावलांवर. कविता कोयी पिळता पिळता थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, आबांना रागावू नका. ते बोट आबांचं नव्हतं."

"मग?"

"मी लावलं. ते घागरीकडे गेले तेव्हा."

माझ्या हातातली कोय सटकून पातेल्यात पडली. पहिला प्रश्न मी काय विचारला असेल? तोच, जो माझ्या धंद्यात विचारतात. म्हटलं, "तुला काही कळलंय? कोणाचा फोन आला? कोणी काही सांगितलं?"

"नाही. काहीच नाही."

"मग तुला खात्री वाटते का, की तो..."

"नाही हो ताई. खात्री कसली? रात्री मोटारसायकल वाजली तरी मी उठून बसते."

"मग लावलंस कशाला?"

तिनं हातातली कोय बाजूला ठेवली. हाताला लागलेला रस कोपरापर्यंत ओघळला होता. मग म्हणाली, "सात वर्षांत मी एकदाही रडले नाहीये. आई रडू देत नाहीत. जित्या माणसासाठी रडलं तर त्याचं वाईट होतं म्हणतात. कुंकू लाव, हिरव्या बांगड्या भर, झोक्यावर बस. मी सगळं करते. त्यांचंही काय चुकतं? पण मला वाटलं, एक बोट लावून बघावं. कोणाला नाही कळणार. तेवढ्यापुरते ते गेले असं धरावं आणि मागच्या दारी जाऊन एकदाच रडून यावं. मग पुन्हा वाट बघायला लागले असते मी. खरंच लागले असते. पण आईंनी आधीच पाहिलं."

मी तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. अख्ख्या गावात माझ्या तोंडाला तोंड देणारं कोणी नाही असं म्हणतात. पण तो येईल असं म्हणणं म्हणजे तिला आणखी सात वर्षं त्या ओट्यावर बसवणं होतं. तो येणार नाही असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही, माझा भाऊ आहे तो.

कवितानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तिचे खांदे हलायला लागले आणि घशातून एक बारीक आवाज आला. बाहेर पत्त्यांच्या गलक्यातही मायचं बोलणं थांबलं. तिला असे आवाज लगेच ऐकू येतात.

फळीवर मिक्सर होता. मी उठले, रिकामं भांडं त्याच्यावर बसवलं, झाकण दाबलं आणि बटण फिरवलं. घरभर घरघर झाली. त्या आवाजाखाली कवितानं तोंडातला पदर काढला आणि ती मोठ्यांदा रडली. दिनेशचं नाव घेऊन रडली. मी तिच्याकडे पाठ करून दाराकडे तोंड करून उभी होते, मिक्सर हाताखाली तापत चालला होता.

"नंदा! कितला वेळ व? रस व्हयना का नही?" मायनं बाहेरून हाक दिली.

"थोडा राहिना, माय!" मी ओरडून सांगितलं आणि झाकण आणखी घट्ट दाबून धरलं.